वय खरं सांगायचं

"केस रंगवलेत तरी चालेल, वय रंगवायचं नाही," असं काकू समोरच्या उमेदवाराला दमात सांगायच्या आणि मग त्याच्यापुढे पोह्यांची बशी सरकवायच्या. हिंदीत तर दम आणखी वाढायचा. "बाल काला करो, उमर मत काला करो. समझा क्या?" समोरचा गाझियाबादचा बावीस वर्षांचा पोरगा. त्याला कुठलं वय लपवायचंय? तो बिचारा मुकाट्याने पोहे खायचा.

तुम्ही म्हणाल, नोकऱ्या लावून देणाऱ्या ऑफिसात पोहे कसले? पण काकूंचं ऑफिस म्हणजे त्यांच्या गाझियाबादच्या फ्लॅटची बाहेरची खोली, दोन फोन, एक कूलर आणि मी. काका कारखान्यात स्टोअर्स सांभाळायचे. कारखान्याचं युनिट बंद झालं आणि काकांना स्वेच्छानिवृत्ती मिळाली. स्वेच्छा कोणाची ते विचारू नका. त्याच सुमाराला गुडगावात काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या आणि त्यांना माणसं हवी होती. काकूंनी कंबर कसली. मी शेजारच्या ब्लॉकमधली, बी. कॉम. होऊन घरी बसलेली. मला त्यांनी फोन उचलायला ठेवलं.

पुढच्या सहा महिन्यांत किती माणसं लागतील, कोणत्या कामाला आणि कोणत्या वयाची, हे कंपन्या आधीच ठरवून कळवायच्या. काकू हसायच्या. "लग्नं जमवल्यासारखंच आहे गं. फक्त पत्रिका मागायची राहिलीय." पोहे म्हणजे त्यांची परीक्षा होती. खाताना बोलायला लाजणारा अकाउंट्सला, बोलता बोलता बशी रिकामी करणारा सेल्सला.

"आणि पुन्हा मागणारा?" मी एकदा विचारलं.

"तो टिकतो," काकू म्हणाल्या.

हळूहळू कंपन्यांची भाषा बदलत गेली. आधी म्हणायच्या, अनुभवी हवा. मग पस्तिशीच्या आतला हवा. मग तिशीच्या आतला. हे सगळं काका आतल्या खोलीत पेपर वाचता वाचता ऐकायचे. रोज सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसायचे आणि जायचं कुठेच नसायचं. मला त्यांच्याकडे बघवायचं नाही. काकूंनी अर्ध्या कॉलनीच्या पोरांना नोकरीला चिकटवलं, पण नवऱ्यासाठी काही जमेना. "दिव्याखाली अंधार म्हणतात ना, तो बघ आमच्या घरी," असं काकू स्वतःच म्हणायच्या.

मग एक दिवस गुडगावच्या एका कंपनीचा फोन आला. नव्या ऑफिसात सामान, कँटीन, गाड्या बघायला माणूस हवा होता. काकांच्या हातचं काम. फक्त पंचेचाळीसच्या आतला हवा. फोनवरचा मॅनेजर काकूंनीच नोकरीला लावलेला, याच खोलीत पोहे खाऊन गेलेला.

"है ना एक आदमी," काकू म्हणाल्या. "चव्वालीस का है."

माझ्या हातातला चहा तसाच राहिला. काका एक्कावन्न वर्षांचे होते.

"काकू, दाखले मागतील ना."

"आधी माणूस तर बघू दे त्यांना. बघितला की सोडणार नाहीत." माझ्याकडे न बघताच बोलल्या त्या.

इंटरव्ह्यूच्या सकाळी त्यांनी जुन्या टूथब्रशने काकांचे केस रंगवले. "नवरदेव करतेस की काय?" काका म्हणाले. खूप दिवसांनी हसत होते. वय चव्वेचाळीस सांगा, असं काकांना बजावायचं काकूंनी रात्रीच ठरवून ठेवलं होतं, पण सांगितलंच नाही. काका ऑफिसवाल्यांच्या चार्टर्ड बसने गेल्यावर मला म्हणाल्या, "पहिल्या दिवशी शाळेत निघाल्यासारखे तयार झाले होते गं. जीभच उचलली नाही."

दुपारी मॅनेजरचा फोन मीच घेतला. आवाज पडलेला होता त्याचा. "आंटी से कहिए, सर बहुत अच्छे हैं. पर मेरे हाथ में कुछ नहीं है. पॉलिसी है." मी निरोप दिला. काकू कूलरमध्ये पाणी ओतायला उठल्या. तो भरलेलाच होता.

संध्याकाळी काका खुशीत आले. "झकास झाला. स्टोअर्सचं एकूण एक सांगितलं. वय विचारलं, तेही ठणकावून सांगितलं, एक्कावन्न. तू सांगतेस तसं."

"बरं केलंत," काकू म्हणाल्या आणि पाण्याचा तांब्या त्यांच्या हातात दिला.

नोकरी काही मिळाली नाही. त्यानंतर वय रंगवायचं नाही, हे वाक्य काकूंनी सोडून दिलं. पण काकांनी उचललं. तेच बाहेरच्या खोलीत येऊन पोरांना पाणी द्यायचे आणि सांगायचे, "मॅडम की बात मानो. उमर सच बताना. मैंने भी सच बताया था." तेव्हा काकू कुणाचा फोन आलेला नसतानाही रिसीव्हर कानाला लावून बोलत राहायच्या. मला हे कुणाला सांगताही येत नव्हतं आणि थांबवताही येत नव्हतं.

पुढे मला नोकरी लागली, इंटरनेटवर अर्ज करायची सोय झाली, काकूंचे फोन थंडावले. दोघं पुण्याला मुलीकडे राहायला गेली. काकू वारल्याचं मला उशिरा कळलं. फोन केला तर काकांनीच उचलला. बराच वेळ बोलले. पोह्यांचं बोलले, गाझियाबादच्या उन्हाळ्याचं बोलले.

"एक सांगतो तुला," मग म्हणाले. "एवढ्या लोकांना नोकऱ्या लावल्या तिने, पण खोटं कधी बोलली नाही. माझ्यासाठीसुद्धा नाही गं."

"नाही बोलल्या, काका," मी म्हणाले.