आधी धक्का, मग थरथर

लालबागेत आमची चाळ गिरणीच्या कुंपणाला पाठ लावून उभी होती. साचेखातं भिंतीपलीकडेच. कापड विणणारे ते साचे चालू असले की आमची फळ्यांची जमीन सारखी थरथरायची आणि मांडणीवरचे पेले किणकिणायचे. पाहुणे दचकायचे, आम्ही नाही. उलट गिरणी बंद असली की आम्हालाच चैन पडत नसे.

वडील त्याच खात्यात विणकर. त्या खडखडाटात त्यांची उमेद गेली आणि कानही गेले. घरात त्यांना हाक मारून काही उपयोग नसे. पाय आपटायचा. तो हादरा त्यांच्या तळपायाला लागायचा, ते वळायचे, मग समोर उभं राहून ओठ नीट हलवत बोलायचं. आई भांडतानासुद्धा आधी पाय आपटून घ्यायची. त्याचं आम्हाला फार हसू यायचं.

थोरला भाऊ कॉलेजात सायन्सला होता. शिकून आलेलं सगळं तो आमच्यावर झाडायचा. एकदा त्याने चाळीतल्या पोरांना गॅलरीत रांगेने उभं केलं, प्रत्येकाचे हात पुढच्याच्या खांद्यावर, आणि शेवटच्याला ढकललं. धक्का पार पुढे पोचला. “ही भूकंपाची पहिली लाट. ढकलत येते, म्हणून लवकर पोचते.” मग कपडे वाळत घालायची दोरी कठड्याला बांधून त्याने ती हिसडली. “ही दुसरी. मागून येते, पण हलवते जास्त.” खाली खडक वर्षानुवर्षं दाबले जातात, वाकतात आणि सहन होईनासं झालं की तडकतात, असं तो म्हणाला.

“कधी तडकणार ते आधी कळतं?” मी विचारलं.

“नाही गं. झाल्यावर मात्र सगळं सांगता येतं.”

तेव्हा मला हे शास्त्र म्हणजे वरातीमागून घोडं वाटलं होतं. आजही तसंच वाटतं.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे होते. हरताळ पडला होता, गिरण्यांना कुलपं होती आणि नाक्यानाक्यावर गोळीबार होत होता. आईने वडिलांना घराबाहेर पाऊल टाकू नका म्हणून शपथ घातली होती आणि त्यांनी ती पाळलीही होती. दुपारी सगळे जेवायला बसलो. पायाखालची जमीन अगदी गप्प होती.

एकदम खालून एक धक्का बसला. क्षणभर काही नाही. मग थरथर सुरू झाली आणि मांडणीवरचे पेले किणकिणू लागले.

साचेखात्यात साचे फिरवणारे पट्टे चढवले की नेमकं असंच व्हायचं. आधी हिसका, मग थरथर. वडिलांचा घास हातातच राहिला.

“साचे चालू केल्यानी!” ते ओरडले. “कोणतरी फितूर झालो!”

ते उष्ट्या हातानेच उठले. आई दारात आडवी झाली, “अहो, खंय चललात?” म्हणाली. त्यांनी तिला बाजूला सारलं. कंदील खुंटीवर हळूहळू झोके घेत होता. साच्यांनी तो कधीच झोके घेत नसे, नुसता थरथरायचा. दादाने तो पाहिला आणि ओळखलं.

“बाबा, धरणीकंप!” तो गॅलरीत धावला आणि जीव खाऊन पाय आपटू लागला. पण वडील जिन्याशी पोचले होते. त्यांच्यासारखीच समजूत करून घेतलेली अर्धी चाळ जिना उतरत होती. एवढ्या पायांच्या धडधडीत एका मुलाचा पाय त्यांना कसा कळावा?

ते गिरणीच्या फाटकापर्यंत पोचलेच नाहीत. वाटेत नाक्यावर गोळी लागली. संध्याकाळी शेजाऱ्यांनी त्यांना घरी आणलं, तेव्हा उजव्या हाताला भात वाळून चिकटला होता. तो आईने धुतला.

दुसऱ्या दिवशी पेपरात कोपऱ्यात भूकंपाच्या सौम्य धक्क्याची बातमी आली. दादाने ती वाचून दाखवली. आईने त्याला विचारलं,

“म्हणजे गिरणी बंदच होती मगे?”

“होय.”

“कोण फितूर झालो नव्हतो?”

“नाही, आई.”

त्यानंतर आमच्या घरात कुणी पाय आपटला नाही.

चाळीने वडिलांना हुतात्मा म्हटलं. महाराष्ट्र झाला त्या दिवशी त्यांच्या फोटोला भला मोठा हार चढला आणि कुणीतरी आईच्या हातावर पेढा ठेवला. तो तिने खाल्ला नाही, टाकलाही नाही, हातातच विरघळू दिला. मला अभिमान वाटायला हवा होता. वाटला नाही. नुसता राग आला, आणि तो कुणावर काढायचा तेही कळेना. कुठल्या तरी दूरच्या खडकावर?

पुढे मी दादरच्या एका शाळेत भूगोल शिकवला. दरवर्षी भूकंपाचा धडा यायचा आणि दरवर्षी परीक्षेत तोच प्रश्न असायचा: सौम्य धक्क्याचे परिणाम लिहा. मुलं पुस्तकातलं उत्तर पाठ करून लिहायची. धक्का जाणवतो, भांडी किणकिणतात, टांगलेल्या वस्तू हलतात, जीवितहानी होत नाही.

मी पूर्ण मार्क द्यायची.