निरोपाखालचं गाणं

मे १९८६, सावर्ड्याचं घर. हजर आई, काकू आणि मी. ओटीवर कोकमांसाठी रातांबे फोडता फोडता आम्ही माझ्या मुंबईच्या भावाने कॅसेटवर भरून पाठवलेला निरोप ऐकत होतो: मी बरा आहे, जेवण चांगलं मिळतं, काळजी नको. निरोप संपला, पण सगळ्यांचे हात रसाने लाल, म्हणून टेप बंद करायला कुणी उठलं नाही आणि त्याखालचं अर्धं पुसलेलं इंग्रजी रॉक गाणं सुरू झालं. संथ गिटार, आणि घसा फाटेस्तोवर कुणाला तरी विनवणारा पुरुष. “हा मेला आरडतो कशाला गो?” काकू म्हणाली. “गप. हा तरी खरं सांगतोय,” असं म्हणत आईने डोळे खांद्याला पुसले. इंग्रजीचं अक्षर न कळणारी ती मला म्हणाली, “त्याला झालं काय, पहिल्यापासून लाव.” पहिलं कुठून लावणार? त्यावर भावाचं ‘जेवण चांगलं मिळतं’ भरलेलं होतं. गणपतीत त्याला विचारलं तर म्हणाला, “फुटपाथवरची कॅसेट गो, नाव कोण बघतो?” कोरी कॅसेट मिळत नव्हती याला? आता गाणं शोधायला फोनसमोर गुणगुणलं की दरवेळी भलतंच गाणं पुढे येतं. आई अजून विचारते, “मिळालं काय गो?” मिळालेलं नाही.