नोट्समध्ये नसलेला शब्द

"हा पेपर तुझा नाही," मॅडम म्हणाल्या. चाळीस पोरींसमोर. माझा पेपर दोन बोटांत धरून, जशी काही त्याले घाण लागली. "कोणाचं पाहून लिहिलंस?"

चंद्रपूरचं नर्सिंग कॉलेज. मी पोंभुर्ण्याकडची, मराठी शाळेतली. पहिल्या परीक्षेत नापास झाली तेव्हा याच मॅडम बोलल्या होत्या, "कोट्यातून सीट मिळते, डोकं नाही मिळत." पोरी फिदीफिदी हसल्या. मी मान खाली घालून बसली. त्याची लाज अजून वाटते मले. त्या हसल्या त्याची नाई, मी मान घातली त्याची.

मग मी मेडिकलच्या इंग्रजी शब्दांच्याच मागं लागली. मॅडम नोट्स सांगत, पोरी घोकत. मले घोकणं जमेना. वरच्या वर्गातल्या एका ताईनं दिलेल्या जुन्या पुस्तकात शेवटी यादी सापडली, इंग्रजी शब्दाच्या पुढं काय लागते, मागं काय लागते, त्याचा अर्थ काय. हायपो म्हणजे कमी. हायपर म्हणजे जास्त. मागं आयटिस आलं का सूज. अरे बापा, एवढंच होय! लाखोळीच्या शेंगा सोलाव्या तशी शब्द सोलत बसली मी. मेसमध्ये, बसमध्ये, संडासाच्या रांगेत.

पेपरात पेरिकार्डायटिस आला. नोट्समध्ये नव्हता. पेरी म्हणजे भोवती, कार्डी म्हणजे हृदय, आयटिस म्हणजे सूज. हृदयाभोवतीच्या आवरणाची सूज. लिहून टाकलं. वर्गात दुसऱ्या कोणालेच आलं नाई. मग मी पाहिलं कोणाचं? पण हे विचारते कोण.

ऑफिसात मॅडमनं कागद सरकवला. "कॉपी केली, माफ करा, असं लिहून सही कर. नाहीतर वर्ष जाईल."

"कोणताबी शब्द द्या मॅडम. आत्ता फोडून सांगते."

त्यांनी तीन दिले. तिन्ही सांगितले. मॅडमनं कागद पुन्हा माझ्याकडं सरकवला. मग म्हणाल्या, "पाठ करून आलीस. तुमच्यात हे बरं जमतं."

तुमच्यात! डोकं सणकलं माझं. माझं उत्तर बरोबर का चूक, याच्याशी यांले घेणंदेणंच नव्हतं. यांले पाहिजे होतं, मी चोर आहे असं माझ्याच हातचं लिहून. मी कागद तसाच ठेवून बाहेर आली.

मायले फोन लावला. धानाच्या रोवण्यावर होती, चिखलात उभी.

"माय, चोरी केली म्हणून माफी लिहून मागतात. नाई त वर्ष जाईन माझं."

"चोरी केली का?"

"नाई."

"मंग माफी कायची मांगतं वं?"

रडली मी. लई रडली. मग तोंड धुतलं अन् अर्ज लिहिला, माझी परीक्षा सगळ्यांसमोर फळ्यावर घ्या म्हणून. पोच घेतल्याबिगर प्राचार्यांच्या दारातून हलली नाई.

फळ्यावर कोणी बोलावलं नाई, माझा निकाल अजून अडवून ठेवला आहे. दर आठवड्याले बोलावतात, सही मागतात. क्लर्क भाऊ म्हणते, "पोरी, हट्ट सोड, दोन ओळी त लिहायच्या आहेत."

दोन ओळी नाई, एक अक्षर नाई. वर्ष जाते त जाऊ द्या. मी वर्गही सोडत नाई अन् माफीही लिहत नाई.