मावशी आणि नस्तर

माझी मोठी मावशी वडिलांशी, म्हणजे माझ्या आजोबांशी, शेवटपर्यंत धड बोलली नाही. राहायची मात्र त्यांच्याच घरात; खाली तबेला, वर दोन खोल्या. त्यांना जेवायला वाढायची तेही ताट आदळून.

आजोबा घोड्यांचे वैद्य. रोगी मुके, त्यामुळे तक्रार कुणाची नाही आणि नाव मोठं. त्यांच्याकडे एक नस्तर होतं. पितळी म्यानात मिटणारी तीन पाती, लहानमोठी. घोडा आजारी पडला की मानेच्या शिरेवर मोठं पातं टेकवायचं आणि वरून लाकडी मोगरी हाणायची. रक्ताची चिळकांडी उडायची. लहान पातं माणसांसाठी. ताप आला की रक्त काढायचं, हा जुना उपाय. बाकीच्यांनी तो केव्हाच सोडला होता, आजोबांनी नाही.

शेवटच्या बाळंतपणात आजीला ताप चढला. आजोबांनी तिच्या हाताची शीर उघडली, दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडली. भांडं मावशीने धरलं होतं. आजी गेली. तान्ही मुलगी, म्हणजे माझी आई, मावशीनेच वाढवली.

"रक्त खराब होतं तिचं," आजोबा म्हणायचे.

"काढलंत ना सगळं? मग झालं तर," मावशी म्हणायची.

म्हातारपणी आजोबांचं डोकं ठणकायला लागलं. हात थरथरायचे, म्हणून त्यांनी नस्तर मावशीपुढे धरलं.

"लहान पातं घे. तुझा हात स्थिर आहे."

"डॉक्टरला बोलावते."

"त्याला काय कळतंय? तू कर."

"एकदा टेकवलं ना बाबा, तर मी थांबायची नाही."

आजोबांनी तिच्याकडे पाहिलं आणि नस्तर मिटलं. पुन्हा कधी मागितलं नाही.

ते गेल्यावर जनावरांच्या दवाखान्याने ते नस्तर काचेच्या कपाटात ठेवायला मागून नेलं. मावशी बघायला गेली. चिठ्ठीवर होतं: 'घोड्यांचे रक्त काढण्याचे जुने नस्तर.'

"माणसांवरही चालवलंय, ते लिहा," ती तिथल्या डॉक्टरला म्हणाली.

"बघणाऱ्यांना कसंतरी वाटेल हो."

"वाटू दे."

डॉक्टरने नाइलाजाने खाली लिहिलं, 'क्वचित माणसांचेही.' मावशीने त्याच्या हातातलं पेन ओढलं आणि 'क्वचित' खोडून टाकलं.

घरी आल्यावर आईने विचारलं, "झालं समाधान?"

"नाही," मावशी म्हणाली आणि भांडी घासायला बसली.