बाथटबमधला मासा आणि टाकीतला शिंपला

लुबोर शिंडेल्काने घरातल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत पाळलेला हा तिसरा शिंपला. पहिला त्याने स्वतःच मारला: उजेड नीट पडावा म्हणून दगडावरून उपटून हलवला, आणि ज्या तंतूंनी तो दगडाला धरून बसतो ते मुळापासून तुटले. दुसरा का मेला ते कळलंच नाही. तिसरा आणला तेव्हा बायकोने, राडकाने, बजावलं होतं, "हा गेला की टाकी विकायची. मला शिलाईमशीनला जागा हवीय."

लुबोर चेक देशातल्या ओस्त्रावा शहराच्या ट्राम डेपोत वेळापत्रकं लावतो. घरी आला की कोट न काढता आधी टाकीपाशी. शिंपला तळहाताएवढा, उघडला की निळी, ठिपकेदार झालर बाहेर पसरायची. उन्हाळाभर पसरत होती. नाताळ जवळ आला आणि ती आत ओढली गेली.

लुबोरने पाण्यातलं मीठ मोजलं, चुना मोजला, दिवा खाली घेतला, पुन्हा वर नेला. टाकीतला छोटा पिवळा मासाच झालर कुरतडत असेल अशा संशयाने त्याला जाळीने पकडायला गेला, तर प्रवाळाची फांदी मोडली. मासा निसटला. टाकीतलं पाणी उडून जायचं, मीठ मागे राहायचं, म्हणून वरून गोडं पाणी घालावं लागे. न्हाणीघरातल्या पिंपातून तेही तो न चुकता घालत होता. ते पिंप आरओच्या फिल्टरवर थेंबाथेंबाने भरायचं.

"सगळं बरोबर आहे," तो राडकाला म्हणाला. "सगळं बरोबर, आणि हा मरतोय."

"मग त्यालाच विचार."

सासूबाई बोझेना सणाला आल्या होत्या, येताना चौकातल्या हौदातून जिवंत कार्प मासा घेऊन. नाताळच्या जेवणात तळून वाढेपर्यंत त्याचा मुक्काम बाथटबमध्ये. इमारतीत घरोघरी तेच. लुबोर पिंपातून पाण्याचा जग भरत होता, तेव्हा त्या दारात आल्या.

"ते कशाला नेतोस? नळाचंच आहे."

"काय?"

"अरे, कार्पला चिखलाचा वास असतो. चांगल्या पाण्यात ठेवला की जातो. तुझं पाणी स्वच्छ, ते त्याला घातलं. पिंप पुन्हा भरून ठेवलंय. काठोकाठ!"

"कधी?"

"आले त्याच दिवशी."

"आई, या इमारतीचे पाइप तांब्याचे आहेत. तांब्याने शिंपला मरतो."

"आम्ही तेच पितो. मेलो का?"

"तुम्ही शिंपला नाही आहात!"

"ओरडू नकोस. एवढं होतं तर आधी सांगायचं."

टाकीतलं पाणी बदलायला हवं होतं, आणि होतं नव्हतं ते स्वच्छ पाणी कार्पखाली होतं. फिल्टर आपल्या चालीने ठिबकत होता. दुकानं बंद. लुबोरने तांबं शोषून घ्यायला कोळशाची पिशवी टाकीत सोडली आणि फिल्टरपाशी बसून राहिला.

सणाच्या सकाळी शिंपला उघडा पडला होता. जिवंत असला तर हाताची सावली पडताच मिटतो. हा मिटला नाही. तो सडून प्रवाळही मरण्याआधी त्याला काढणं भाग होतं. लुबोरने तो वर्तमानपत्रात गुंडाळला.

"लुबोर, मासा मारायला ये," बोझेनांनी हाक मारली. "सॅलड झालंय."

"तुम्हीच मारा, आई. तुम्हाला जमतं."

राडकाने हातोडी उचलली. न्हाणीघराच्या दाराशी थांबून म्हणाली, "टाकीची जाहिरात सण झाल्यावर देते."

"दे," लुबोर म्हणाला, आणि फिल्टरचा नळ बंद करायला तिच्यामागे गेला.