कारळ्याच्या चटणीचा घास

डबिंग स्टुडिओच्या सोफ्यावर मी जरा डोळे मिटतो. एसी गार, पोटात सकाळपासून नुसता चहा. चित्रपटात मी मुकुंदा आहे, बापावर धुमसणारा मुलगा. सगळं घर प्रेक्षकांना हसवतंय आणि हा पठ्ठ्या बापाशी बोलायची वेळ आली की बहिणीला म्हणतो, "त्यांना विचार." अगदी शेवटी तो पहिल्यांदाच थेट विचारतो, "बाबा, जेवलात का?" माझं तेवढंच वाक्य राहिलंय, आणि तेच जमत नाहीये. बापाचं काम केलेले शिदूअण्णा गेल्या महिन्यात वारले. तोंड उघडलं की वाक्य रडकंच निघतं. दिग्दर्शिका म्हणाली, "मुकुंदा घरात जेवतोय, शोकसभेत बोलत नाहीये." तिचं खरं आहे, म्हणून जास्तच राग येतो.

सोफा कडक लागतो. मी सेटवरच्या स्वयंपाकघरात पाटावर बसलोय. भिंती तीनच. चौथीच्या जागी शिदूअण्णांचं सांगलीचं अंगण आहे. अण्णा समोर बनियनवर बसलेत, मांडीत कारळ्याच्या चटणीची बरणी. शूटिंगला ते ती घरून आणायचे, आणि दात काळे होतात म्हणून मेकअपवाला करवादायचा.

"अण्णा, तुम्ही गेलात ना?"

"मी गेलो. मुकुंदाचा बाप कुठं गेलाय? पोरगं कधी विचारतंय म्हणून उपाशी बसलाय की."

"मला रडू येतं."

"तुला येतं. त्याला कशाला येईल? त्याचा बाप समोर आहे, लेका."

मला मुकुंदाचा हेवा वाटतो. अण्णा हाताच्या अंतरावर आहेत, तरी त्यांची फार आठवण येते.

स्वयंपाकघर आता एसटीत आहे. खिडकीतून ऊस मागे पळतोय. अण्णा भाकरीचा तुकडा मोडून चटणीत बुडवतात.

"शॉटला तुझ्या तोंडात घास होता. मीच कोंबलेला. रिकाम्या तोंडानं तसं कसं निघायचं? आ कर."

मी आ करतो.

"सर, टेक घ्यायचा?" साउंडवाली ऋजुता सोफ्याशी उभी आहे. ती वाकून बघते. "दाताला काहीतरी काळं लागलंय. पाणी देऊ?"

मी जीभ फिरवतो. खमंग, तिखट, किंचित कडू.

"नको. आधी टेक घेऊ."

पडद्यावर शिदूअण्णा मुकुंदाला घास भरवतात आणि थांबतात. दाढेतला दाणा जिभेवर घेऊन मी विचारतो, "बाबा, जेवलात का?"