मोबाईलवरून भरलेली टाकी

मी लिहिलेल्या पहिल्या ॲपनं आमच्या गच्चीवरच्या सगळ्या रखिया बड्या वाहून नेल्या.

बूढापाऱ्यातलं आमचं घर तेव्हा भरलेलं होतं. ताई पुण्याहून आली होती आणि तिच्या सासूबाईंसाठी आईनं रखिया म्हणजे कोहळा किसून, उडदाची डाळ वाटून गच्चीभर बड्या वाळत घातल्या होत्या. बाबा नुकतेच निवृत्त झालेले. बोअरची मोटार चालू-बंद करणं हे त्यांचं उरलेलं एकमेव खातं. (तेही मी काढून घेतलं!) जुनं बटन काढून तिथं एक डबी बसवली, मोबाईलवरून मोटार चालवणारं ॲप लिहिलं आणि घरात दम भरला, "आता डबीले कोणी हात लावायचा नाही!"

बाबांनी पाराभर, म्हणजे सगळ्या मोहल्ल्यात, सांगितलं, "पोट्टा हापिसात बसून पाणी भरते!"

दुसऱ्या दिवशी शंकर नगरच्या ऑफिसातून मी 'चालू' दाबलं. ॲप आणि सर्व्हर ज्या भाषेत बोलतात त्या ग्राफक्यूएलमध्ये अशा हुकमाला म्युटेशन म्हणतात. आपण हुकूम सोडायचा, सर्व्हरनं 'झालं' म्हणून उत्तर द्यायचं. माझ्या स्क्रीनवर उत्तर कोरं! पुन्हा दाबलं. पुन्हा कोरं! म्हणजे मोटार लागलीच नाही, असं ठरवून मी चूक शोधायला बसलो.

तेवढ्यात आईचा फोन. कापला. बाबांचा. कापला. मग ताईचा!

"यार, घरवाले काम ही नहीं करने देते," मी शेजारच्या टेबलाकडे तक्रार केली.

घरी काय चाललं होतं ते ताईनं नंतर साभिनय सांगितलं. टाकी भरून धो धो वाहत होती आणि बड्या रांगेनं पन्हाळीकडे निघाल्या होत्या.

"अहो, बंद करा ना ते!" आई गच्चीवरून ओरडली.

"कसं करू? हात नाही लावायचा म्हणला तो!"

"मग मेन पाडा!"

"त्याले न विचारता?"

शेवटी आईच खाली धावली आणि लाटण्यानं मेन स्विच पाडला.

इकडे मला चूक सापडली. सर्व्हर बिचारा दर वेळी 'झालं' सांगत होता. ते उत्तर स्क्रीनपर्यंत पोचवणारा 'रिटर्न' हा एक शब्द मीच लिहायचा विसरलो होतो. मी विजयी मुद्रेनं घरी फोन लावला.

"आई, सापडलं! आता मोटार नक्की सुरू होईल!"

आई म्हणाली, "तू घरी ये. मग सांगते तुले."

ताईनं गोल बाजारातून बड्या घेतल्या आणि सासूबाईंना घरच्या म्हणून दिल्या. 'तुझ्या आईच्या हाताची चवच न्यारी!' असा सासूबाईंचा निरोप आला. (त्यानंतर आई माझ्याशी बोलेनाशी झाली ते वेगळंच!)

आता ते घर नाही, बाबाही नाहीत. फ्लॅटमध्ये पाणी आपोआप येतं. पण त्या संध्याकाळी ओल्या गल्लीत उभे असलेले बाबा अजून दिसतात. समोरच्या भैयांनी विचारलं होतं, "क्या भाईसाहब, टंकी फूट गई क्या?"

"फूटी नहीं," बाबा छाती काढून म्हणाले, "मोबाइल से भरी है! हाथ से भरते तो इतना पानी आता क्या?"

इतक्या वर्षांच्या नोकरीत माझ्या कामाला मिळालेली ही एकमेव शाबासकी. तीही ज्यांना काम कळलं नाही त्यांच्याकडून!